जाईचा एकही खाडा नाही

मी तापट आहे, हे दौंडात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे ओहोळकाकांची गोष्ट कुणी ‘बिचारा म्हातारा’ असं म्हणत सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. बिचारा कसला? अर्धं त्यांनी स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यात माझा हात होता. म्हणून ती मीच सांगते.

साहेबराव ओहोळ दौंडच्या यार्डात नंबर टेकर होते. मालगाडी यार्डात येऊन उभी राहिली की वही-पेन्सिल घेऊन इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत चालत जायचं आणि एकेका वॅगनचा नंबर लिहून घ्यायचा, हे त्यांचं काम. एक गाडी झाली की दुसरी, मग तिसरी. ऊन असो नाहीतर चिखल असो. कुठली वॅगन कुठं आहे हे मुंबईच्या मोठ्या ऑफिसाला त्या वहीवरून कळायचं. सव्वीस वर्षं काकांनी हेच केलं. उंच, काटकुळा माणूस, खाकी शर्टाला कडक इस्त्री, आणि आकडे असे काढायचे की छापल्यासारखे. न बघता एकही नंबर लिहिला नाही, याचा त्यांना फार ताठा होता. ताठा होताच, मी उगाच गोड बोलणार नाही.

आमचं क्वार्टर त्यांच्या क्वार्टरला लागून. माझे अब्बा, सिद्दीक, लोको शेडमध्ये फिटर. दोन्ही घरांत एकच भिंत, पलीकडे भाकरी थापली की अलीकडे आवाज यायचा. काकांची बायको ताईबाई, माझ्या ताईकाकू, आणि त्यांची एकुलती एक मुलगी जाई. माझ्याहून वर्षानं लहान, पण आम्ही एकाच बाकावर, कारण मी एकदा गणितात आपटले होते. जाईला नर्स करायचं हे काकांनी ती चौथीत असतानाच ठरवून टाकलं होतं. जाईला कुणी विचारलं नव्हतं.

एकाहत्तर साली मॅट्रिकचा निकाल लागायच्या आधीच ती ज्ञानदेवबरोबर निघून गेली. मुलगा त्यांच्याच समाजातला, शिक्रापूरला रस्त्याकडेच्या दुकानात ट्रकची पंक्चरं काढायचा. वाईट नव्हता हो. शिरूरला चार माणसांत लग्न लावून दोघं आईबापाच्या पाया पडायला आली, तर काका उंबऱ्यात आडवे उभे राहिले. म्हणाले, “आलीस तशी जा. पुन्हा या दारात पाय ठेवायचा न्हाई.” ताईकाकूंनी आत पदर तोंडात कोंबला. मी भिंतीपलीकडे होते. मला सगळं ऐकू आलं, आणि मीही बाहेर आले नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. पंक्चरचं दुकान बंद झालं आणि जाई-ज्ञानदेव सरकारी दुष्काळी कामावर गेले. हे आम्हाला कळलं त्र्याहत्तरच्या माघात. ताईकाकूंच्या नात्यातल्या रतनबाईला जाई शिरूरच्या बाजारात भेटली होती. रतनबाई मुद्दाम दौंडला येऊन सांगून गेली. जाई खडी फोडते, हाताला घट्टे पडलेत, अंगावर पिती पोर आहे, मुलगी, आणि आईची आठवण काढून रडते. कुठल्या कामावर आहे, ते मात्र रतनबाईला सांगता येईना. “शिरूरकडंच हाय, पर तिकडं कामं काय एक हायती?” एवढंच.

ताईकाकूंनी नवऱ्याचे पाय धरले. अक्षरशः धरले, मी तिथं उभी होते. काका म्हणाले, “तिला पाय हायेत. यायचं आसंल तर यील.”

फाल्गुन गेला, चैत्र गेला, वैशाख गेला. पावसाळ्यात कामं बंद झाली, जो तो आपापल्या गावी परतला, पण जाई काही आली नाही, आणि मग कुठं काकांचा ताठा मोडला. ते शिरूरला गेले, शिक्रापूरला गेले. ज्ञानदेवला आईबाप नव्हते, भाड्याची खोली सोडून वर्ष झालं होतं. कामावरची माणसं पांगलेली. कुणी मुंबईला गेलं होतं, कुणी ऊसतोडीला, कुणी कुठं.

एका कारकुनानं त्यांना सांगितलं, की कामावरच्या प्रत्येक माणसाचं नाव हजेरीपटात असतं आणि तालुक्याचे सगळे हजेरीपट एका सरकारी गोदामात पोत्यांत भरून ठेवलेत. काकांनी रजा टाकली आणि गोदामात जाऊन बसले. अकरा दिवसांत चार पोती वाचून झाली. खोलीत दीडशेच्या वर पोती होती. बाराव्या दिवशी रजा संपली, आणि काका परत आले ते डोळे लाल करून. त्या दिवसापासून ताईकाकूंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. भिंतीवर थाप मारून मला म्हणायच्या, “फरीदा, तुझ्या काकाला सांग, चहा झालाय.” काका तिथंच बसलेले असायचे.

आता माझा भाग. मी मॅट्रिक होऊन पुण्याला एका सरकारी ऑफिसात पंच ऑपरेटर लागले होते. सकाळची दौंड-पुणे शटल, संध्याकाळी परत. त्या ऑफिसात कॉम्प्युटर होता. तेव्हा हा शब्दसुद्धा लोकांना नवा. आमचं काम म्हणजे टाइपरायटरसारख्या मशीनवर बसून जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडायची. कागदावरची एक ओळ म्हणजे एक कार्ड. ही कार्डं मग काचेपलीकडच्या थंडगार खोलीत जायची, कॉम्प्युटर ती भराभर गिळायचा आणि हवा तो आकडा छापून द्यायचा. एका मिनिटात सहाशे कार्डं! बाहेर मे महिना आणि त्या खोलीतले लोक स्वेटर घालून बसलेले. आम्हा मुलींना आत जायला बंदी. पण काचेतून बघून मला असा माज चढला होता की विचारू नका. नळावर, शटलमध्ये, जिथं तिथं मी त्या मशीनची बढाई मारायचे.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत आमच्या ऑफिसात पोती येऊन पडली. शिरूर तालुक्याचे हजेरीपट. किती माणसांनी किती दिवस काम केलं याची मोजदाद सरकारला हवी होती. मी ती पोती बघितली आणि त्या दिवशी शटलमधून उतरले ती धावत काकांकडे गेले. म्हटलं, “काका, आता बघाच तुम्ही. दोन लाख ओळी आहेत. मशीनला नुसतं नाव द्यायचं, सकाळी सुरू केलं तर दुपारच्या चहाला जाई सापडेल.”

काका उठून उभे राहिले. “म्हंजी दोन लाख नावं एकदमच बघतं व्हय ते?”

“एकदम नाही, एकामागून एक. पण इतकं झपाझप, की एकदमच म्हणा.”

भिंतीपलीकडे ताईकाकूंचं भांडं हातातून पडलेलं मला ऐकू आलं. असं कुणी कुणाला सांगतं का? कुठल्या गोष्टीचा आगापिछा नाही, आणि मी त्या बाईच्या पदरात आशा बांधून मोकळी झाले.

दुसऱ्याच दिवशी कळलं, की कार्डावर नावं टाकायचीच नव्हती. सरकारला डोकी मोजायची होती, नावाशी काय करायचंय? कार्डावर ऐंशी रकाने असतात. त्यात कामाचा नंबर, टोळीचा नंबर, बाई की पुरुष, हजेरी किती, खाडे किती, एवढंच. मी आमचे सुपरवायझर बबनराव यांच्याशी भांडायला गेले. त्यांनी माझं ऐकून घेतलं. माणूस शांत, मला त्याचाच राग यायचा. म्हणाले, “फरीदा, मशीन हुशार नाहीये. ते नुसतं घाईचं आहे. कार्डावर जे नाही, ते त्याच्यासाठी जगात नाही.”

“मग टाकू की कार्डावर! रकाने रिकामे आहेत.”

“रकाने आहेत, पण ‘जाई’ चार मुली चार तऱ्हांनी पंच करतील. मशीनला त्या चार वेगळ्या बाया वाटतील. आणि नाव टाकायला वेळ लागतो. रोजचा कोटा कोण भरणार?”

यावर तोड काढली ती काकांनीच. रविवारी दिवसभर बसून त्यांनी यादी केली. आपल्याकडे बायकांना, पुरुषांना जी जी नावं ठेवतात ती सगळी आठवून आठवून लिहिली आणि प्रत्येक नावाला एक नंबर दिला. जाई एकशे बारा. ज्ञानदेव सत्तेचाळीस. मला म्हणाले, “वॅगनीला नंबर आसतो म्हणून ती सापडते. माणसालाच देत न्हाईत.” बबनरावांनी यादी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, कोटा भरून जे जमेल ते करा, मी बघितलं नाही.

आम्ही चार मुलींनी ते अंगावर घेतलं. मशीन मिनिटाला सहाशे कार्डं वाचतं हे खरं, पण पंच करणारीची बोटं तासाला शंभराच्या पुढं जात नाहीत हेही तितकंच खरं. हे मी नळावर कधी बोलले नव्हते. त्यात ऑफिसाची बाकीची कामं उरकून या पोत्यांना दिवसाचे जेमतेम दोन तास मिळायचे. फेब्रुवारीत सुरू केलं. पोळा आला तरी संपेना. आणि तुम्ही म्हणाल, पंच करतानाच दिसली असती की जाई. नाही दिसत. पंच ऑपरेटर वाचत नाही. डोळ्यांतून सरळ बोटांत उतरतं, मध्ये डोकं लागतच नाही, आणि डोकं लावलं तर कोटा भरत नाही. जाईची ओळ माझ्या हाताखालून गेली असेल तर मला तिचा पत्ता नाही. बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण होती ती माझी.

पावसाळ्यात तर जीव नकोसा झाला. दमट हवेनं कार्डं फुगली, आत जाऊन अडकायला लागली. थंड हवेचं यंत्र बिघडलं तेव्हा कॉम्प्युटर नऊ दिवस बंद. मशीनच्या खोलीत जरा गरम झालं की ते भलतंच काहीतरी छापायचं, म्हणून हातच लावायचा नाही. वीज जायची ती वेगळीच. एकदा एका शिपायाच्या हातून सोळाशे कार्डांचा गठ्ठा जिन्यावर सांडला. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग त्याच्याच बरोबर जिन्यावर बसून एकेक कार्ड उचललं.

काका रोज संध्याकाळी दौंडच्या फलाटावर उभे. शटल थांबली की माझ्यासमोर येऊन एकच विचारायचे, “किती झालं?” मी आकडा सांगायची. ते खिशातल्या वहीत लिहायचे आणि घरी जाऊन तो आकडा मोठ्यानं बोलायचे, कुणाला उद्देशून नाही, नुसताच. ताईकाकू ऐकायच्या. दोघांची जेवणं तुटली होती. त्या वर्षी काकांनी यार्डात बावीस वर्षांत पहिल्यांदा चूक केली, अख्खी गाडी लिहायची राहिली, आणि वरून ताकीद आली. ताकीद हातात घेऊन ते रुळावर बसून होते, तिथून अब्बांनी उठवून आणलं. अब्बा घरी येऊन अम्मीला म्हणाले, हा माणूस फार दिवस टिकायचा नाही.

एकदा ते माझ्याबरोबर पुण्याला आले. बबनरावांनी त्यांना काचेतून मशीन दाखवलं. काका काचेला नाक लावून उभे, आणि मला विचारला होता तोच प्रश्न पुन्हा विचारला, “साहेब, सगळी नावं येकाच टायमाला बघंल, आसं मशीन न्हाई का कुठं?”

बबनराव म्हणाले, “आज नाही. उद्या कुणी काढेलही. पण ओहोळ, ते निघालं तरी नावं त्याच्या पोटात आधी घालावी लागतीलच. आणि आपण जे घातलं, तेच ते बाहेर काढणार.”

काकांनी मान हलवली. पण ऐकलं नव्हतं त्यांनी. खरं सांगायचं तर मीही नव्हतं ऐकलं.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या तेवीस तारखेला, शनिवारी, शेवटचं पोतं संपलं आणि सोमवारी कार्डं आत गेली. सकाळी दहाला सुरू केलं. दोनदा अडकलं. साडेचारला बबनराव काचेचं दार उघडून स्वतः बाहेर आले, हातात लांबलचक कागद. अख्ख्या टोळीचा, आणि त्यात जाईच्या तेरा ओळी. नाव एकशे बारा, नवरा सत्तेचाळीस. पाबळच्या पुढचा पाझर तलाव, टोळी नंबर नऊ. त्र्याहत्तरच्या मार्चपर्यंतच्या सात पंधरवड्यांत अधूनमधून खाडे होते, कधी दोन, कधी तीन. एप्रिलपासून जूनअखेर काम बंद होईपर्यंत सहा पंधरवडे. खाडा शून्य. शून्य. शून्य. सगळीकडे शून्य.

मी किंचाळले. चौघी मुली एकमेकींच्या गळ्यात पडलो. दौंडच्या फलाटावर मी गाडी थांबायच्या आत उडी टाकली आणि कागद काकांच्या तोंडासमोर धरला. त्यांनी तो दिव्याखाली नेऊन एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचला. मग म्हणाले, “शेवटपत्तुर हजर हाय. तीन म्हैन्यांत खाडा न्हाई. तब्येत चांगली आसल तिची.”

“चांगलीच असणार! मशीन खोटं बोलत नाही काका!” हे मी चारचौघांत, ठणकावून म्हटलं. हे माझे शब्द आहेत आणि मला ते गिळता येत नाहीत.

त्या दिवशी ताईकाकू नवऱ्याशी बोलल्या. सव्वा वर्षानं. “कवा जायचं?” एवढंच बोलल्या, आणि काका ढसाढसा रडले. रजा मिळायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत ती बाई नुसती उडत होती. घर सारवल्यासारखं धुतलं, जाईची गोधडी उन्हात घातली, नातीसाठी झबली शिवली, लहान पडतील म्हणून पुन्हा मोठी शिवली. जाईसाठी इरकल लुगडं घेतलं. आळीत पेढे वाटले. मला तर दिसेल तिथं जवळ घेऊन कानशिलावर बोटं मोडायच्या. गाणं म्हणायच्या हो ताईकाकू! भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

आम्ही तिघं एसटीनं शिरूरला, तिथून पाबळला गेलो. टोळी नंबर नऊची मुकादम दगडाबाई म्हणून होती, तिची वस्ती विचारत विचारत पोचलो. पन्नाशीची बाई, अंगणात बाजरी पाखडत होती. काकांच्या अंगात खाकी शर्ट, माझ्या हातात तो आकड्यांचा कागद. आम्ही हजेरीपटाचं नाव काढलं मात्र, तिचा चेहरा उतरला.

“जाई ज्ञानदेव तुमच्या टोळीत होती ना?” मी विचारलं.

“व्हती की. शेवटच्या दिसापत्तुर व्हती. यक खाडा न्हाई तिचा. कुटंबी इचारा.” एका दमात बोलली.

“आता कुठं हाय?” काका पुढं झाले.

“मंबईला गेली. नवऱ्यासंगं. काम बंद झालं तवा.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. मुंबई तर मुंबई, पण आहे! मी कागदाची घडी घालायला लागले. तेवढ्यात ताईकाकू दगडाबाईपुढं खाली बसल्या, पिशवीतून ते इरकल काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, “मी जाईची आई. माझ्या लेकीला तुमी ऊनपाण्यात सांभाळलं. ती भेटंल तवा भेटंल, तिला दुसरं घीन. ह्ये तुमी नेसा.”

दगडाबाईनं हात असे मागे घेतले, की लुगडं मांडीवरून खाली घसरलं.

“तुमी चौकशीची मान्सं न्हाई?”

“न्हाई वो. आई हाय मी तिची.”

मग ती बाई डोक्याला हात लावून बसली. सूप बाजूला पडलं. आणि तिनं सांगितलं.

पाडव्याला चार दिवस होते तेव्हा जाई गेली. जुलाब आणि ताप. आठ दिवस झोपडीत पडून होती. दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली तेव्हा उशीर झाला होता. मागे पाच-सहा महिन्यांची पोर. आईचं दूध तुटलेलं. कामावर मजुरांना सुकडी, म्हणजे गोडसर भरड पीठ, मिळायची, ती पाण्यात कालवून पोरीला पाजत होते. पण सुकडी हजेरीवर. नाव कापलं की बंद. ज्ञानदेवच्या एकट्याच्या वाट्यात त्याचंच पोट भरत नव्हतं.

“मंग आमी बायांनी ठरावलं, नाव कापू द्यायचं न्हाई. आमच्यात बदली चालायचीच, कुणी बाळंतीण आसली, आजारी आसली की दुसरीनं तिच्या नावावर उभं ऱ्हायाचं. तसंच केलं. कारकून पुकारायचा, ‘जाई ज्ञानदेव’, की आमच्यातली यक पदर पुढं वढून ‘हाय’ म्हणायची. बारा जणी व्हतो. पाळी लावली. जिची पाळी तिनं आपलीबी खडी फोडायची आन् जाईचीबी.” आणि मग, आईला धीर द्यावा म्हणून असेल, दगडाबाई म्हणाली, “यक दिस चुकू दिला न्हाई बगा आमी, आक्का. यक खाडा पडू दिला न्हाई.”

काकांनी माझ्या हातातून कागद ओढून घेतला. त्या सहा शून्यांवर बोट ठेवून म्हणाले, “मी बघितलं व्हतं हे. फरीदा, मी बघितलं व्हतं. लोखंडाची वॅगनसुद्धा तीन म्हैने धड ऱ्हात न्हाई, दुरुस्तीला जाती. आन् अंगावर पोर आसलेली बाई तीन म्हैने येक खाडा न करता...”  मलाही तेव्हाच दिसलं. त्याच कागदाच्या वर-खाली टोळीतल्या बाकीच्या बायांचे खाडे होते, प्रत्येकीचे. सगळ्या जित्या बाया. मी नऊ महिने हेच आकडे पंच केले होते.

“ती काय म्हणायची का?” ताईकाकूंनी विचारलं. आवाज अगदी कोरडा.

दगडाबाईनं काकांकडे बघितलं आणि मान खाली घातली. “आबा यील म्हणायची. माजा आबा रेल्वेत हाय, हजार डब्यातला यक डबा हुडकून काडतो, त्यो मला हुडकंल. यष्टीचा आवाज आला की उठून बसायची.”

काका अंगणातच खाली बसले. त्यांना उठवायला मी गेले नाही. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मला त्यांचा भयंकर राग आला होता. माघात गेले असते तर! चालत गेले असते तरी दोन महिने होते हातात.

पोरीचं विचारलं. काम बंद झाल्यावर ज्ञानदेव तिला घेऊन मुंबईला गेला होता, कुठं ते दगडाबाईला माहीत नव्हतं. मी नाव विचारलं.

“नाव ठिवायचं ऱ्हायलं. जाई म्हणायची, आबा आल्यावर त्येलाच ठिवू दे.”

जिथं जाईला अग्नी दिला ती ओढ्याकाठची जागा दगडाबाईनं दाखवली. तिथं काही नव्हतं. ताईकाकू थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग लुगडं परत नेऊन दगडाबाईच्या हातात दिलंच. या खेपेला तिनं घेतलं.

परतीच्या एसटीत काका माझ्या शेजारी. शिरूरला त्यांनी तो कागद घडी करून खिशातल्या वहीत ठेवला. मग म्हणाले, “फरीदा, बिननावाचं लेकरू सापडतं का तुझ्या मशीनला?”

मी म्हटलं, “नाही काका.”

“अजून मोठं मशीन आलं तर?”

“नाही.”

काका पुढं चार वेळा मुंबईला जाऊन आले. ज्ञानदेव सापडला नाही. अठ्ठ्याहत्तर साली ते रिटायर झाले, तरी मुंबईकडून येणारी गाडी लागली की फलाटावर यायचे आणि त्या वयाची मुलगी खिडकीत दिसली की थांबायचे. लोक म्हणायचे, कॉम्प्युटरनं म्हाताऱ्याला फसवलं. मी भांडायची त्यांच्याशी. मशीननं कुणाला फसवलं नाही. दोन लाखांतून जाईचा कागद बरोबर काढून दिला त्यानं, आणखी काय करायचं होतं? जाई जिवंत आहे का, हे आम्ही त्याला विचारलंच नव्हतं, आणि विचारता येणारही नव्हतं. ते मी माझ्या तोंडानं सांगितलं होतं.

पण पाबळहून आलो त्या संध्याकाळचं राहिलं. काका आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी ताईकाकूंच्या दारात उभी. आत वाळलेली गोधडी घडी करून ठेवलेली, तिच्यावर झबली. मला वाटत होतं, आता ही बाई मला उभी चिरेल, आणि चिरावंच. मी म्हटलं, “काकू, मला मारा. काहीतरी बोला मला.”

ताईकाकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाल्या, “तुला कशाला मारू? माझी जाई पाडव्याला मेली, आन् तू मला तिचे आठ दिस दिलेस. तिच्या बापानं तेबी दिले न्हाईत.”

 ताईकाकूंनी झबली माझ्या हातात दिली, शेडजवळ फिटर पोपटच्या घरी महिनाभरापूर्वी मुलगी झाली होती, तिथं देऊन ये म्हणाल्या, आणि चूल पेटवायला बसल्या.